पडलेलं झाड आणि सागाच्या चार खुंट्या

"धकाते, हे झाड नक्की कोणत्या बाजूनं जिवंत आहे, तेवढं मला दाखवा," कर्णिकसाहेब म्हणाले.

मी पूर्वेकडच्या चार फांद्यांकडे बोट केलं. त्या हिरव्या होत्या. बाकी सगळं झाड चहाच्या चोथ्याच्या रंगाचं झालं होतं.

साहेबांनी पँट वर ओढून गुडघे टेकले आणि बुंध्याची साल नखानं खरवडली. झाड जिवंत आहे की नाही हे पाहायची ही सगळ्यात सोपी परीक्षा. सालीखाली हिरवं दिसलं की जीव आहे, तपकिरी दिसलं की संपलं. खाली तपकिरी होतं. साहेबांनी आणखी दोन जागी खरवडलं. तिथंही तपकिरीच.

"बुंधा गेलाय. मग हे शेंडे काय स्वतःच्या हिमतीवर हिरवे आहेत?"

"हो सर," मी म्हणालो.

मे महिना होता, सकाळचे नऊ वाजले होते आणि नागपूरचं ऊन आतापासूनच डोक्यात शिरत होतं. पण मला घाम फुटला तो उन्हानं नव्हे. माझी नोकरी तेव्हा टेंपररी होती. पर्मनंट करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली होता आणि त्या कागदावर माझं लग्न अवलंबून होतं. धरमपेठेतल्या निनावे मास्तरांनी आपली मुलगी सुमती मला द्यायचं कबूल केलं होतं, पण एका अटीवर. "कन्फर्मेशन झालं की दुसऱ्या दिवशी तारीख काढू गा. तोवर नाही." इकडे कर्णिकसाहेबांनी अट घातली होती की झाड जगलं तर कन्फर्मेशन. म्हणजे सुमती आणि मी यांच्यामध्ये एक झाड आडवं आलं होतं, आणि तेही खरोखरचं आडवं.

पन्नास सालानंतरची गोष्ट आहे. नागपूर अजून जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मी सरकारी बागांच्या खात्यात ओव्हरसीअर होतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. कृषी कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझ्या डोक्यात पुस्तकं गच्च भरलेली होती आणि हाताला माती फारशी लागलेली नव्हती.

कर्णिकसाहेब आमचे सुपरिंटेंडेंट. आदल्या पावसाळ्यात ते कामानिमित्त शिमल्याला गेले आणि येताना बिस्किटाच्या डब्यात एक रोप घेऊन आले. क्रीपिंग ज्युनिपर. पाइन, देवदार यांच्या जातीतलं, म्हणजे ज्याला सुईसारखी पानं असतात आणि बारा महिने जे हिरवं राहतं असं. फरक एवढाच की देवदार आभाळात जातो आणि हे जमिनीवर लोळतं. गुडघ्याच्या वर येत नाही. सतरंजी अंथरावी तसं पसरत जातं. साहेबांनी सेक्रेटरीसाहेबांना सांगून टाकलं की नागपूरच्या उन्हात हिमालयाचं झाड वाढवून दाखवतो. सेक्रेटरीसाहेबांनी ते नीट लक्षात ठेवलं.

ऑफिसच्या पोर्चसमोरच्या वाफ्यात मी ते लावलं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि या जातीला पायाशी ओल साचलेली खपत नाही, हे मला पाठ होतं. म्हणून मी वाळू आणि मुरूम मागवला. आला तेवढा वाफ्याच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागाला पुरला. उरलेल्या, बुंध्याकडच्या अर्ध्यासाठी इंडेंट भरला. इंडेंट म्हणजे सरकारी मागणीपत्र. ते भरलं की वस्तू मागितल्याचं समाधान मिळतं.

पहिल्याच दिवशी गंमत सुरू झाली. सकाळी येऊन पाहतो तर कोणीतरी झाडाला बांबूचा टेकू देऊन सुतळीनं उभं बांधलेलं. मी ते सोडलं. दुपारी पुन्हा बांधलेलं. चौकशी केली तर शिपायानं सकाळी बांधलं होतं आणि दुपारी हेडक्लार्कनं स्वतः. "रात्रीच्या वाऱ्यानं पडलं बिचारं," हेडक्लार्क कळवळून म्हणाले. ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस आधी तेच सांगायचा, झाड पडलं म्हणून. मी दिवसातून दहा वेळा समजावायचो की ते पडलेलं नाही, ते तसंच असतं. लोक माझ्याकडे दयेनं पाहायचे.

शेवटी मी सागाची एक अरुंद फळी घेतली, ऑइलपेंटनं ठळक अक्षरांत लिहिलं, "झाडास हात लावू नये", आणि वाफ्यात ठोकली.

ही फळी सगळ्यांसाठी होती, पण मनातून ती सोमाजीसाठी होती.

सोमाजी आमचा रोजंदारीवरचा माळी. पन्नाशीचा, काटक, रामटेकचा. त्यांच्या घरी पानमळा, म्हणजे विड्याच्या पानांची बाग. त्याला वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. झाड पाहिल्याबरोबर त्यानं निकाल दिला.

"हे झाड नाही बाबू. हा वेल होय."

"सोमाजी, हे झाड आहे. पुस्तकात आहे."

"पुस्तकात उभं आहे का निजलेलं?"

"निजलेलं."

"मग वेलच होय ना गा!"

पानमळ्यात एक रीत असते. वेल आधारावर चढत चढत उंच गेला की वर्षातून एकदा त्याला खाली घेतात, जमिनीवर आडवा करून वरून माती देतात. त्याला उतरण म्हणतात. जिथं माती लागते तिथं नवी मुळं फुटतात आणि वेल पुन्हा ताज्या जोमानं वर जातो. सोमाजीच्या बापानं हेच केलं होतं, आज्यानं हेच केलं होतं. सोमाजी रोज एकदा माझ्यामागे लागायचा. "बाबू, याले उतरवू का? हा तर आधीच खाली आहे. फकस्त माती द्याची." मी रोज नाही म्हणायचो. सुईच्या पानांवर माती बसली की ती काळी पडतात, असं मला वाटायचं. पानं काळी पडली की नोकरी जाते, असंही वाटायचं.

दसऱ्याला मी आठ दिवस रजा घेऊन उमरेडला मामाकडे गेलो. परत आलो तर फळी गायब. कारकुनांनी टेबलाच्या पायाखाली टेकू म्हणून लावली असणार, असा मला संशय आला. मी सगळी टेबलं वाकून वाकून पाहिली. शेवटी नवीन फळीचा इंडेंट भरला. ती फळी मी रिटायर होईपर्यंत आली नाही.

झाड मात्र छान दिसत होतं. पूर्वेकडच्या फांद्या मातीला अगदी चिकटून बसल्या होत्या. मी खूश झालो. सोमाजीनं वाफ्यावर वाळलेलं गवत अंथरलं होतं, त्याबद्दल मी त्याची पाठ थोपटली. त्यानं एक नवा नियमही काढला होता, वाफ्याच्या पूर्वेला जोडे घालून यायचं नाही. पानमळ्यात कोणी पायताण घालून जात नाही, तिथं देवीचा वास असतो. सोमाजीनं तोच नियम इथं लावला. मला हसू आलं, पण म्हटलं, असू दे, झाडाचा मान राहतो. हेडक्लार्कसुद्धा मुकाट्यानं चपला काढू लागले.

थंडी सुखात गेली. निनावे मास्तर दर रविवारी धरमपेठेतून सायकल मारत यायचे आणि झाडाची तब्येत पाहायचे. मी त्यांना नखाची परीक्षा शिकवली, ही माझी चूक. ते दर रविवारी साल खरवडायचे. एकदा सुमतीही बरोबर आली. वडील वाकून बुंधा खरवडताहेत हे पाहून तिनं तोंडाला पदर लावला.

"बाबा, तुम्ही याची नाडी पाहून राहिले का जावयाची?" ती म्हणाली.

मास्तर रागावले. मी मात्र आठवडाभर जमिनीच्या वीतभर वरून चालत होतो. तिनं 'जावई' म्हटलं होतं!

मग मार्च संपला आणि ऊन सुरू झालं. इथून पुढं जे झालं ते सगळं माझं कर्तृत्व आहे.

नागपुरात उन्हाळ्यात बड्या साहेबांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावायचे. वाळ्याच्या मुळांचा पडदा आणि त्यावर दिवसभर पाणी मारायला एक माणूस. गरम वारा त्यातून आला की गार आणि सुगंधी होतो. मी विचार केला, हिमालयाच्या झाडाला ताटी का नको? मी दोन ताट्या मिळवल्या आणि झाडाच्या पश्चिमेला, जिकडून झळा येतात तिकडे, उभ्या केल्या. वर बांबूचा मांडव घातला. तासातासाला पाणी मारायची ऑर्डर दिली. सगळ्या खात्यात अशी सोय एकतर कर्णिकसाहेबांच्या खोलीला होती, नाहीतर माझ्या झाडाला.

तीन दिवसांत सगळं ऑफिस झाडापाशी राहायला आलं. दुपारी बारा वाजले की कारकून डबे घेऊन यायचे, चपला काढायचे आणि मांडवाखाली बसायचे. मग फायली येऊ लागल्या. मग हेडक्लार्कचं छोटं टेबल आलं. एका पेन्शनरला त्याच्या कामासाठी "झाडाजवळ जा" असं सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. सगळे माझ्यावर खूश होते. मी स्वतःवर त्याहून खूश होतो.

फक्त सोमाजी खूश नव्हता. "बाबू, पाय ओले करून राहिले तुम्ही त्याचे," तो म्हणाला. "डोकं गार ठेवा, पाय नाही."

त्याचं खरं होतं. ताटीचं पाणी झिरपून थेट बुंध्याशी, काळ्या मातीत साचत होतं. मुरूम पडला होता तो पूर्वेकडच्या भागात. पश्चिमेच्या मुरुमाचा इंडेंट अजून फिरत होता. मुळं आतून कुजायला लागली. पण ज्युनिपरची खोड अशी की मुळं मेली तरी पानं महिनाभर हिरवीच राहतात. कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. मधली पानं पिवळी पडू लागली तेव्हा मला वाटलं, ऊन लागतंय. मी पाणी वाढवलं.

अशा रीतीनं आपण त्या मे महिन्यातल्या सकाळी परत येतो. साहेब गुडघ्यांवरून उठले.

"सेक्रेटरीसाहेब परवा येताहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "खास हे पाहायला."

हेडक्लार्कनं सुचवलं की स्टोअरमध्ये हिरव्या रंगाचे दोन डबे आहेत. साहेबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग दोन्ही बाजूंना नजर टाकून ते मला म्हणाले, "धकाते, आपल्याकडे मोरपंखी आहे ना?"

मोरपंखी प्रत्येक बंगल्याच्या फाटकाशी असते. ज्युनिपरचीच लांबची बहीण, पण उभी वाढणारी.

"आहे सर. पण ती उभी असते."

"आडवी लावा."

आज हे लिहितानाही मला हसू येतं. पण तेव्हा मी "येस सर" म्हणालो आणि कुदळ आणायला धावलो. लबाडी होती, मान्य आहे. पण डोळ्यांपुढे सुमती होती.

मी झाडाचा बुंधा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. चिखलातून पाय निघावा तसा तो सहज निघाला. मुळं काळी, कुजका वास. हे मी केलं होतं. वर्षभर ज्याला जपलं, त्याला मीच पाणी पाजून मारलं होतं. मला फार वाईट वाटलं, लग्न क्षणभर विसरण्याइतकं वाईट.

बुंधा निघाला, पण झाड निघेना. पूर्वेकडच्या चार फांद्या जमिनीला धरून होत्या. मी जोर लावला.

"बाबू! नोका ओढू!"

सोमाजी हातातली झारी टाकून धावत आला, मध्येच थांबला, चपला काढल्या आणि पुन्हा धावला.

"काहून नको ओढू?" मी ओरडलो. "मेलं ना ते!"

"ते मेलं. हे नाही मेलं."

त्यानं मला बाजूला केलं, गवत सारलं, बोटांनी मुरूम उकरला. फांदीच्या पोटाला पांढरी मुळं फुटली होती. एक नाही, दोन नाही, चांगली गुच्छानं. चारही फांद्यांना. चार वेगवेगळी, स्वतःच्या पायावर उभी असलेली, म्हणजे निजलेली, झाडं.

"उतरवलं होतं म्या," सोमाजी खाली पाहत म्हणाला. "तुम्ही दसऱ्याले गेले होते तवा. तुम्ही नाही म्हटलं होतं, म्हणून सांगतलं नाही."

आता जोड्यांचा नियम कळला. फांद्या मातीखाली होत्या, त्यांवर कोणाचा पाय पडू नये म्हणून देवीला मध्ये घेतलं होतं. प्रत्येक फांदी जागेवर राहावी म्हणून तिच्यावर एक खुंटी तिरपी ठोकलेली होती. मी एक खुंटी उपटली, माती पुसली. त्यावर माझ्याच हातची ऑइलपेंटची अक्षरं होती. "हात".

"सोमाजी, ही माझी फळी!"

"हाव बाबू. सागाची होती. भुईत सडत नाही. चार तुकडे बरोब्बर झाले."

मी तिथंच वाफ्यात बसलो आणि हसत सुटलो. मला हसताना पाहून सोमाजीही हसला. आम्ही दोघं इतके हसलो की कर्णिकसाहेब बाहेर आले. त्यांना बुंधा दाखवला, मुळं दाखवली, खुंटी दाखवली. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग नेहमीचा झाला. "मोरपंखी राहू द्या," ते म्हणाले.

दोन दिवसांत मी ताट्या हटवल्या, नुसता मांडव ठेवला, काळी माती काढून मुरूम भरला. तो कुठून आणला ते विचारू नका. कारकून उदास चेहऱ्यानं टेबलांवर परत गेले.

सेक्रेटरीसाहेब ठरल्या वेळी आले. गोरेपान, उंच, हिंदी बोलणारे, पायात चकचकीत बूट. बरोबर चार-पाच अधिकारी. सेक्रेटरीसाहेब वाफ्याच्या पूर्वेला वळले आणि सोमाजी पुढे झाला.

"साहेब, जोडे काढा."

कर्णिकसाहेबांनी डोळे मिटले. सेक्रेटरीसाहेबांनी सोमाजीला नखशिखांत पाहिलं. "क्यों?"

"मुळावर पाय पडते साहेब."

सेक्रेटरीसाहेब पोर्चच्या पायरीवर बसले आणि नाड्या सोडू लागले. मागोमाग सगळे अधिकारी बसले. नागपूरच्या मे महिन्यात अर्ध्या सेक्रेटरिएटनं मोजे हातात घेऊन तापलेल्या मुरुमावर पाय ठेवले. जो तो एक पाय वर, एक पाय खाली करत होता. मी गालाच्या आतून चावून हसू दाबलं.

"आप तो एक ही लाए थे," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. "ये चार कैसे हुए?"

"मल्टिप्लिकेशन, सर," कर्णिकसाहेब झटकन म्हणाले. "आमच्या धकात्यांची मेथड."

झालं. मला फक्त गप्प राहायचं होतं. पेपरवेटखालचा कागद मला डोळ्यांसमोर दिसत होता, मास्तर सायकलवरून उतरताना दिसत होते. तेवढ्यात सेक्रेटरीसाहेब वाकले, एक खुंटी उपटली आणि वाचलं.

"नये. क्या नये?"

मी सोमाजीकडे पाहिलं. तो आकाशाकडे पाहत होता. तोंड उघडणार नव्हता तो. माझी नोकरी कशावर अडली आहे ते त्यालाही ठाऊक होतं. आणि त्याचं हे गप्प राहणंच मला सहन झालं नाही.

"सर, मेथड माझी नाही," मी म्हणालो. "मी या झाडाला पाणी घालून मारलं. यांनी ते वाचवलं. यांना मी वर्षभर मना केलं होतं. तशी फळी लावली होती. त्या फळीच्याच यांनी खुंट्या केल्या."

सेक्रेटरीसाहेबांनी बाकीच्या तीन खुंट्या मागवल्या. हातावर ओळीनं लावल्या. "झाडास. हात. लावू. नये." मराठी त्यांना पुरेशी येत असावी, कारण आधी त्यांचे खांदे हलले, मग ते मोठ्यानं हसले. एक पाय वर घेऊन हसले, कारण मुरूम तापला होता. बाकीचे अधिकारीही हसले, अर्थात त्यांच्यानंतर.

"कर्णिक," डोळे पुसत ते म्हणाले, "एक मना करता है, दूसरा सुनता नहीं. इनमें से एक भी गया, तो पेड़ गया. दोनों को पक्का कीजिए."

पेपरवेटखालचा कागद त्याच दुपारी निघाला. सोमाजीचा कागद नवा टाइप करावा लागला. त्यानं अंगठा उठवला आणि शाई माझ्या रुमालाला पुसली.

निनावे मास्तर रविवारी आले तेव्हा मी चारही झाडांना नख लावायला मनाई केली. त्यांनी तारीख काढली. लग्नात पंगतीनंतरचे विडे रामटेकहून आले, सोमाजीच्या घरच्या मळ्यातले. मांडवात शिरताना त्यानं आधी सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं.

पुढं मी खात्यात तीस वर्षं काढली. बऱ्याच फळ्या लावल्या, बरेच हुकूम काढले. प्रत्येक ठिकाणी मी आधी एक माणूस शोधायचो, ज्याला काम येतं आणि जो माझं ऐकणार नाही. त्याला मी "नको" म्हणायचो आणि आठ दिवस रजेवर जायचो.

चारांपैकी तीन खुंट्या परत वाफ्यात गेल्या. चौथी माझ्या टेबलावर आहे, कागदांवर वजन म्हणून. सुमती ती रोज पुसते. तिच्यावर अजून स्वच्छ वाचता येतं, "नये".